बाजूच्या सीटची उंची

पितृपक्ष लागला की इतरांना कावळे आठवतात, मला मोटारींची शोरूम आठवतात. यात पितरांचा अनादर नाही. दोन वर्षांपूर्वीचा अख्खा पंधरवडा मी एसटीनं जालन्याच्या फेऱ्या मारत, मोटारी बघत घालवला होता. तेव्हापासून भादव्याचं चिकट ऊन पडलं, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, मोसंबीच्या फांद्या फळांच्या भारानं जमिनीकडे आल्या, की मला नव्या मोटारीचा वास येतो. प्लास्टिक, रबर आणि थंड हवा यांचा मिळून एक वास असतो, तो. बागेत उभा असलो तरी येतो.

यंदा तर प्रतिपदेलाच फोन आला. "सर, दसरा जवळ आलाय, गाडी बघायची आहे का?" आवाज नवा होता. मी म्हटलं, "बाई, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडूनच घेतली की." "हो का सर! कशी चालू आहे?" "चांगली आहे," मी म्हणालो. पलीकडून "थँक्यू सर" आलं आणि फोन बंद झाला. तिला आणखी काही विचारायचं नव्हतं. मला मात्र बरंच सांगायचं होतं, ते इथं सांगतो.

या पंधरवड्यात आमच्याकडे कुणी नवीन काही घेत नाही. कापड नाही, भांडं नाही, मग मोटार तर लांबच राहिली. पण घेऊ नये असं असलं तरी बघू नये असं कुणी म्हटलेलं नाही. दसऱ्याच्या गर्दीत आपल्याला नीट समजावून कोण सांगणार? म्हणून मी ठरवलं, पित्रांत अभ्यास करायचा आणि दसऱ्याला पेपर द्यायचा. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. अभ्यास न करता परीक्षेला बसणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिलेत.

मोटार हवी होती ती विमलसाठी. विमल म्हणजे माझी बायको. घनसावंगीजवळच्या एका खेड्यात आमचं घर, घरामागे मोसंबीची बाग. त्या वर्षी संक्रांत झाली आणि विमल पुण्याला गेली. तिथं मुलगा महेश आणि सून पूजा दोघंही नोकरीला जाणारे, आणि त्यांची स्वरा तेव्हा सहा महिन्यांची. "दोन महिने जाऊन येते," म्हणाली होती. डाळीचा डबा कुठं, साखर कुठं, लोणच्याची कुठली बरणी आधी उघडायची, सगळं सांगून गेली, तेही दोन महिन्यांपुरतंच. दोन महिन्यांचे चार झाले, मग सहा. मी कधी येतेस विचारलं की म्हणायची, "त्या ट्रॅव्हल्सची पायरी मला चढवत न्हाई आता. गुडघा उचलतच न्हाई वर. कशी येऊ सांगा?"

मी गणिताचा माणूस. अडचण जर पायरीची असेल तर उत्तर पायरी नसलेल्या वाहनात असणार. पुण्याहून जालन्यापर्यंत रेल्वेनं यायचं, महेश हात धरून चढवून देईल, आणि स्टेशनाबाहेर मी मोटार घेऊन उभा. एवढी सरळ मांडणी आधी कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटलं. लायसन्स माझ्याकडे होतंच. शेजारच्या रंगनाथच्या जीपवर हात साफ केला होता त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

निवृत्तीच्या दिवशी शाळेतलं एक कोरं हजेरीपुस्तक माझ्या पिशवीतून घरी आलं होतं. चोरी म्हणा हवं तर. मुलांच्या नावांच्या जागी मी मोटारी लिहिल्या आणि तारखांच्या रकान्यांत गुण द्यायला लागलो. कंपन्यांनी ठेवलेली नावं तोंडात बसेनात, म्हणून माझी मी ठेवली: उंची, बुटकी, लांबोडी, आणि दार लावताना पत्र्याच्या डब्यासारखी वाजणारी ती आवाजी. बरं, एकेक मोटार म्हणजे एक नसतेच. तिचे पाच-पाच प्रकार. एकात मागच्या खिडक्या हातानं फिरवायच्या, दुसऱ्यात बटणावर. एकात एअरबॅग दोन, एकात सहा. एकात मागं जाताना पडद्यावर चित्र दिसतं, एकात नुसतंच टींटीं होतं. आठवडाभरात माझं हजेरीपुस्तक सहामाहीच्या निकालासारखं भरून गेलं.

मोबाईलवर मोटारींची माहिती देणारे बरेच जण असतात. ते दार उघडून लावतात आणि आपल्याला आवाज ऐकवतात, सीटवर बुक्की मारून दाखवतात, डिक्कीत बॅगा रचतात. दुपारी मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचो आणि त्यांचं ऐकत जेवायचो. खरं सांगायचं तर पुष्कळदा माझं लक्ष मोटारीकडे नसायचंच. जेवताना समोर कुणीतरी बोलतंय, एवढं मला पुरायचं. व्हिडिओ संपला की घास चावल्याचा आवाज ऐकू यायचा, तो मला आवडायचा नाही.

गावाची परीक्षा वेगळी. रंगनाथ पूर्वी अंबड रस्त्यावर जीप चालवायचा, त्यामुळे मोटारीवर बोलायचा पहिला मान त्याचा.

"गुरुजी, मानसं किती बसतेत?"

"पाच."

"ते कंपनी म्हणती. आपल्या इकडं किती बसतेत ते सांगा. आन् पोट टेकतं का? फाट्यावरल्या खड्ड्यात पोट टेकलं की खेळ खल्लास बघा. मोसंबीचे क्रेट किती मावतेल?"

मी हे सगळं टिपून घेतलं. मग तो तंबाखू मळत म्हणाला, "पन गुरुजी, बसणार कोन हाये?" त्यात खवचटपणा नव्हता, रंगनाथ तसा माणूस नाही. मी म्हटलं, "बसतील. आधी गाडी तर येऊ दे." आणि चष्मा पुसायला घेतला.

पित्रांतलं शोरूम म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतली शाळा. फरशी चकचकीत, बाकं रिकामी. काचेपलीकडे जालन्याचं ऊन आणि लोखंडाच्या सळया लादून चाललेले ट्रक, आत मात्र गारेगार, आणि पाच-सहा मोटारी नव्या कपड्यांतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या. पहिल्याच दिवशी नसरीन पुढं आली. पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, जालन्याचीच. "बसा सर. पाणी घ्या. चहा सांगू? आजकाल कोणीच येत नाही, पित्रं चालू आहेत ना. आमची दिवसभर आपसात बातचीत. दसऱ्याला आले असते तर मला तुमचं नाव पण विचारायला टाइम मिळाला नसता."

"म्हणून तर आत्ता आलो," मी म्हणालो.

तिनं कागद पुढं ओढला. "घरात बसणारी माणसं किती, सर?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेरचा होता. मी म्हटलं, "पाच. म्हणजे एक अगदी लहान आहे. चार धरा. तसा इथं मी एकटाच असतो, पण येणारी आहेत." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर पाच लिहिलं. तेवढ्यावरून मला ती मुलगी आवडली.

त्यानंतर मी पिशवीतून तुराटी काढली. तुरीच्या वाळक्या झाडाची ती काठी मी मापानं तोडून नेली होती. एकेका मोटारीचं दार उघडायचं, काठी जमिनीवर उभी धरायची आणि सीट तिच्या टोकाला येते का बघायचं. दारावरचा वॉचमन जवळ येऊन उभा राहिला. नसरीन म्हणाली, "सर, हे काय मोजून राह्यले?"

मी तिला समजावलं. आमच्या ओसरीवर विमलची एक खुर्ची आहे. त्यावर गोधडीची घडी टाकून ती बसते. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या एकाच जागेवरून तिला हात न टेकता उठता येतं. म्हणजे मोटारीची सीट जमिनीपासून बरोबर तेवढीच हवी. खाली असली तर गुडघा मुडपणार, वर असली तर पाय उचलावा लागणार.

"गोधडीसकट मोजली का, सर?"

"हो तर."

"पण माणूस बसला की गोधडी दबती ना."

इतकी वर्षं फळ्यापुढे उभा राहिलो, पण माझी चूक इतक्या पटकन कुठल्या विद्यार्थ्यानं धरली नव्हती. परतीच्या एसटीत मी त्याच विचारात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीचं पोतं उचलून विमलच्या खुर्चीवर ठेवलं. पोतं भरलेलं होतं, विमल काही तेवढी जड नाही. मग थोडी ज्वारी काढली. मग वाटलं जास्त काढली, परत थोडी घातली. तिथं माझा हात थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका ताटात जेवलो, आणि ही बाई साधारण केवढ्या वजनाची, हे मला सांगता येईना. शेवटी अंदाजानं पोत्याचं तोंड बांधलं आणि गुडघ्यावर बसून काठी लावली. नेमकी त्याच वेळी कमलबाई, रंगनाथची बायको, ताकाचा तांब्या घेऊन आली.

"गुरुजी, कुणाची पूजा करून राह्यलात?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तुराटी मात्र दोन बोटं तोडावी लागली.

त्या पंधरवड्यात मी चार शोरूम पालथी घातली. बुटकी फारच खाली निघाली. उंचीला चढायचं म्हणजे ट्रॅव्हल्सचीच धाकटी बहीण. लांबोडीत सगळं बरं होतं, पण काठी चार बोटं वर उरायची. मग नसरीननं ड्रायव्हरच्या सीटशेजारचा एक दांडा वरखाली केला आणि सीट हळूहळू उचलली गेली. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ टाळीच वाजवणार होतो. "हेच पाहिजे! हे बाजूच्या सीटला करून दाखवा."

"बाजूच्या सीटला नसतं सर. चालवणाऱ्यालाच लागतं ना ते."

"बाजूला बसणाऱ्याला गुडघे नसतात का?"

ती हसली, पण कामाला लागली. संगणकात बघितलं, आतल्या साहेबांना विचारलं आणि दोन दिवसांनी मला फोन केला. सगळ्या मोटारींत मिळून एकच होती, आणि तिच्याही सगळ्यात वरच्या प्रकारातच दोन्ही सीटा खालीवर होणार होत्या. त्या प्रकाराबरोबर छताला काचेची खिडकीही येत होती. मोसंबीच्या बागेत राहणाऱ्याला आभाळ बघायला छताला भोक कशाला, असं मी म्हटलं, पण सीटसाठी तेही पदरात घेतलं.

ती मोटार चालवून बघायला आम्ही अंबड चौफुलीपर्यंत गेलो. नसरीन बाजूला बसली आणि मुद्दाम पट्टा लावला नाही. मोटार टिंग टिंग करायला लागली. "बघा सर, बाजूला माणूस बसला की गाडीला कळतं. पट्टा लावेपर्यंत बोंबलत राहते."

"आणि माणूस उतरून गेला की?"

"तेव्हा कशाला वाजंल, सर? सीट खाली ना."

मी हेही हजेरीपुस्तकात लिहिलं. सवय.

त्याच दिवशी मोटार परत जागेवर लावताना ती म्हणाली, "सर, मॅडमना एकदा आणा ना. त्यांना बसून बघू द्या. नाहीतर फोनवर तरी विचारा. सीट माणूस बसवून बघायची असते." मी म्हटलं, "तिला अचानक दाखवायची आहे." "बराबर आहे," नसरीन म्हणाली आणि किल्ली बोटात फिरवत राहिली. तिला ते बराबर वाटलेलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला किती सांगणार?

नवमीला माझ्या आईची तिथी असते. त्या वर्षी खीर, कढी, वडे कमलबाईनंच करून दिले. पान पत्र्यावर ठेवलं तर कावळा येईना. पत्र्याकडे बघत मी विमलला फोन लावला. "खिरीत जायफळ घातलं का? आईंना लागायचं." "कमलबाईला माहीत." "कावळा आला का?" "नाही अजून." मागून स्वराचं रडणं ऐकू आलं. "ठेवते, ही पडंल," म्हणून तिनं फोन ठेवला. नसरीनला विचारायच्या प्रश्नांची माझ्याकडे दोन पानांची यादी असायची. विमलला काय विचारावं ते मात्र सुचायचं नाही. कावळा थोड्या वेळानं आला आणि वडा तेवढा उचलून गेला.

दसऱ्याला शोरूम म्हणजे लग्नाचं कार्यालय झालं होतं. एकेका मोटारीमागे एकेक घर उभं. बायकांच्या हातांत ताटं, लेकरांच्या अंगात नवे कपडे, झेंडूच्या माळा, नारळ. फोटोसाठी पुठ्ठ्याची एक भली मोठी किल्ली होती, ती सगळ्या कुटुंबानं मिळून धरायची. माझी पाळी आली तेव्हा फोटो काढणारा म्हणाला, "काका, फॅमिलीला बोलवा." विमलला आता सांगावंच लागणार होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. तिची बोटं दिसली, कपाळावरचं कुंकू दिसलं, मग फोन स्वरानं ओढला आणि पडद्यावर पुण्याच्या घराचा पंखा फिरत राहिला. "अगं बाई, केवढी मोठी!" एवढं तिचं ऐकू आलं. किल्ली पुठ्ठ्याची असली तरी लांब होती, एका टोकाला धरली की दुसरं टोक लवायचं. शेवटी नसरीननं हातातली फाईल खाली ठेवली आणि दुसरं टोक येऊन धरलं. तो फोटो माझ्याकडे आहे. अनोळखी माणसाला दाखवला तर मुलीला मोटार घेऊन दिली असं वाटेल.

दिवाळीला सगळे आले. जालना स्टेशनाबाहेर मी तासभर आधीच पोचलो होतो. बाजूची सीट तुराटीच्या मापावर आणून ठेवली होती आणि पुढचं डावं दार उघडून मी चोपदारासारखा उभा होतो. विमल बाहेर आली. स्वरा तिच्या खांद्यावर झोपलेली. उघडं दार बघून ती हसली आणि सरळ मागच्या दाराकडे वळली. "मी मागंच बसते. ही उठली तर रडंल." मागच्या सीटवर ती कुठंही न धरता चढली, तेही पोरीला घेऊन. पुढं महेश बसला. टिंग टिंग झालं, त्यानं पट्टा लावला. मग त्याचं डोकं छताला टेकायला लागलं. "बाबा, केवढी उंच केलीये सीट!" असं म्हणून त्यानं दांडा दाबला आणि सीट खाली गेली, अगदी तळापर्यंत. घरी येईपर्यंत तो मला मोटारीचे गुण सांगत होता. मी आरशातून मागं बघत चालवत होतो, तर मला स्वराची टोपी तेवढी दिसत होती.

ते निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं बागेत मोसंबी तोडत होतो. पुण्याला न्यायला. मी विषय काढला. "आता गाडी आहे. पायरीची भानगड नाही. ये की इकडं."

तिनं हातातलं फळ पिरगळून तोडलं, पिशवीत टाकलं. "गुडघे दुखतेत ते खरंय," ती म्हणाली. "पन पायरीपायी न्हाई राह्यले मी तिकडं."

"मंग?"

"तिथं दिवसभर कुनीतरी आजी आजी करतं. भांडते, हसते, जीव जाळते माझा. इथं तुम्ही सकाळी शाळेत, तिथून बागेत. दिवेलागणीला आले की पेपर काढून बसायचे. महेश शिकायला गेल्ता, तवापासून मी त्या ओसरीवर खुर्ची टाकून बघत बसायचे, रस्त्यानं कुनी जातं का. कमलबाईनं सांगितलं मला ज्वारीच्या पोत्याचं. लई हसलो आम्ही दोघी. मंग मला रडू आलं." ती रागावलेली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशी सांगत होती. "खुर्चीची उंची मोजली तुम्ही. मी तिथं बसून काय करत होते, ते न्हाई विचारलं कधी."

पिशवी भरली होती तरी मी आणखी दोन फळं तोडली.

ते गेल्यावर मी ओसरीच्या कोपऱ्यात तसंच राहिलेलं ज्वारीचं पोतं जागेवर नेऊन ठेवलं आणि त्या खुर्चीवर बसायला लागलो. ओसरीवरून फाट्याचा रस्ता दिसतो. सकाळी दुधाचे कॅन घेऊन एक मोटरसायकल जाते. शाळेच्या वेळेला पोरं. मग कितीतरी वेळ कुणीच नाही. दुपारची एसटी येऊन गेली की धूळ खाली बसेपर्यंत बघायला काहीतरी असतं, नंतर तेही नसतं. मला एकटं वाटतं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, सांगायची लाज वाटते. पण मला हे एकटेपण येऊन वर्ष नव्हतं झालं, आणि तिनं याच घरात, मी हाकेच्या अंतरावर असताना, किती वर्षं काढली असतील याचा हिशेब करायला मी धजलो नाही. गणिताच्या मास्तराला काही गणितं सोडूनच द्यावी लागतात.

फोनवर मी मग विचारायला लागलो. पहिल्यांदा म्हटलं, "आज दिवसभर काय केलं?" तर म्हणाली, "आज काय झालंय तुम्हाला? बरं हाये न्हव?" आठ-दहा दिवसांनी तिची शंका फिटली. मग सांगायला लागली. स्वरानं पिठात हात घातला. खालच्या मजल्यावरची बाई परभणीकडची निघाली. मी ऐकत राहायचो.

मोटार मात्र पडून राहिली असं नाही. अंबडला ओळखीच्यांकडे मोसंबी पोचवायची असली की पिशवी मी बाजूच्या सीटवर ठेवतो. पिशवी भरलेली असली की मोटार टिंग टिंग करते. तिला वाटतं माणूस बसलाय. पहिल्या वेळी दचकलो, मग पिशवीला पट्टा लावायला शिकलो. कधीकधी लावत नाही. वाजू देतो. थोडं पुढं गेलं की ती दमून आपोआप गप्प होते.

यंदा स्वरा नर्सरीत जायला लागली आणि पूजाची आई चार दिवस तिकडं राहायला आली. नवमीच्या आधी विमलचा फोन आला. "आईंच्या तिथीला येते. एकटीच." मी स्टेशनावर गेलो. यावेळी कुठलंच दार उघडून ठेवलं नाही. ती जवळ आल्यावर विचारलं, "कुठं बसतेस?"

तिनं माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "पुढंच बसते की. मागं कोनाला सांभाळायचंय?"

सीट त्या दिवाळीला महेशनं केली होती तशी खालीच होती. मी ती परत वर केली नव्हती. हे आत्ता लक्षात आलं, पण ती तोवर गुडघ्यावर हात दाबून बसली होती. टिंग टिंग सुरू झालं.

"हे काय बोंबलतंय?"

"तू बसलीस ते गाडीला कळलं."

"बरं झालं, कुनाला तरी कळलं," असं म्हणून तिनं पट्टा ओढला. हे तिनं हसत म्हटलं, आणि मीही हसलो.

चार दिवस ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. नवमीच्या खिरीत जायफळ होतं, कावळा लगेच आला. बागेत दोनच फेऱ्या मारल्या, तोडायला आलेली मोसंबी तशीच राहिली. दुपारची एसटी गेल्यावर धूळ खाली बसायची आणि मी तिला विचारायचो, "असं झाल्यावर तू काय करायचीस?" कधी सांगायची, कधी नुसतीच बघत बसायची. पुण्याला जाऊ नको, असं मी म्हणालो नाही. म्हणावंसं फार वाटत होतं. स्वरानं रोज फोन करून "आजी कधी येणार" विचारलं, तेव्हा विमलचा आवाज जसा होत होता तो मी ऐकला होता.

परवा तिला स्टेशनावर सोडलं. मोटार उभी केली तरी ती उतरेना. सीटच्या कडेला हात घालून चाचपायला लागली. "ह्याला वर करायचा दांडा कुठं असतो?"

मी दाखवला. तिनं स्वतःच दांडा ओढला. एकदा, दोनदा, आणखी थोडा. सीट तिला घेऊन सावकाश वर येत गेली. "बास," ती म्हणाली. मग दार उघडून, कुठंही हात न टेकता, उतरली.

"एवढीच राहू द्या. महेश आला तर त्याला मागं बसवा. पुढच्या टायमाला मला बरं पडंल."

"कधी?" मी विचारलं.

"बघू. दिवाळीला न्हाईतर संक्रांतीला."

ती आत गेली. काही वाजलं नाही. ट्रेन गेल्याचं ऐकू येईपर्यंत मी तिथंच बसून होतो. अंबडला द्यायची मोसंबीची पिशवी तिच्या पायाशी राहिली होती. नेहमीप्रमाणे सीटवर ठेवायला उचलली, पण तिनं वर केलेली सीट बघितली आणि उतरून मागं जाऊन डिक्कीत ठेवली. अंबडपर्यंत मोटारीत काही वाजलं नाही.